आर्माडाचं इंजिन नक्की कोणतं? : कामाच्या नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५

दिवाळी संपवून आज गाडी गोठ्याशेजारच्या शेडमधून बाहेर काढली. महिंद्रा आर्माडा, १९९६ ची. आप्पांची. त्यांच्यानंतर दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. बॅटरी नवी घातली, डिझेलच्या टाकीतला गाळ उपसला, फिल्टर बदलला आणि चौथ्या सेल्फला गाडी सुरू झाली. आई ओट्यावरून बघत होती. आवाज ऐकून आत गेली, ती थोड्या वेळाने बाहेर आली.

पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा वर चढला. रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं होतं, तर पाण्यात बुडबुडे येत होते, गाडी रेस केली की जास्त. ऑइलच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरा थर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला पातळ थर, गेलं आहे, यात शंका नाही.

या नोंदी मी माझ्यासाठी आणि धाकट्या भावासाठी ठेवतो आहे. गाडी दोघांची आहे आणि मी पुण्याहून फक्त शनिवार-रविवारी येऊ शकतो. कोणी काय केलं, काय मोजलं, काय मागवलं हे लिहून राहिलं पाहिजे.

२६ ऑक्टोबर

हेड गॅस्केट घ्यायचं तर इंजिन कोणतं ते आधी ठरायला हवं. दुकानात पहिला प्रश्न तोच असतो.

आरसीचं, म्हणजे नोंदणीचं, कार्ड काढलं. डिझेल, सिलिंडर चार, घनक्षमता २११२. म्हणजे एक्सडीपी ४.९०. फ्रान्सच्या प्यूजोचं मूळ डिझाइन, महिंद्राने परवान्यावर इकडे बनवलेलं. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरळ 'पिजो' म्हणतात. एमएम ५४० जीपमध्ये हेच, सुरुवातीच्या आर्माडामध्येही हेच.

आता गाडीवरचा नंबर. इंजिनावर बोटभर जाडीचा ऑइल आणि मातीचा लेप होता. रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश, मग तारेचा ब्रश, मग फडकं. ब्लॉकवरच्या सपाट जागेवर अक्षरं लागली, पण वाचता येईनात. त्यावर पांढरा खडू आडवा घासला आणि वरवर पुसला. खाचेत खडू राहतो, बाकीचा जातो. एकेक आकडा उठून आला. कार्डावरच्या इंजिन नंबरशी शेवटपर्यंत जुळला.

मला फार बरं वाटलं. आप्पांची गाडी, आप्पांचंच इंजिन.

१ नोव्हेंबर

कराडहून मिस्त्री आले. साठीच्या पुढचे आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. गाडी सुरू करायला लावली, बोनेटवर हात ठेवून दोन मिनिटं नुसते ऐकत राहिले.

"कागद काय सांगतोय ते राहू द्या," म्हणाले. "आर्माडात तीन इंजिनं बघितलीत मी. कंपनीने दिलेलं लहान पिजो, नंतरचं मोठं पिजो आणि लोकांनी बसवलेलं डीआय."

मी सांगितलं, नंबर जुळला आहे. ते फक्त "बरं" म्हणाले.

त्यांनी सांगितलेले तीन पर्याय इथे लिहून ठेवतो.

लहान पिजो म्हणजे एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. मोठं पिजो म्हणजे एक्सडी३पी, २४९८ सीसी. आर्माडा ग्रँडमध्ये आणि २००० साली आलेल्या बोलेरोत ते होतं. तिसरं डीआय, २५२३ सीसी, हे वेगळ्याच घराण्यातलं, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वळणाचं. कमांडर जीपच्या पाठीवर '७५० डीपी' आणि '६५० डीआय' असं लिहिलेलं असायचं, त्यात डीपीतला पी हा प्यूजोचा आणि डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. आपल्या भागात प्यूजो काढून डीआय घालणारे खूप होते, कारण त्याचं काम ट्रॅक्टरचा मिस्त्रीही करायचा. त्यामुळे पाठीवरच्या अक्षरांवरून आत काय आहे ते सांगता येत नाही.

डीआय आहे की नाही हे मात्र पाच मिनिटांत कळतं. पिजोमध्ये डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये बाजूला एक छोटी पोकळी असते, हवा तिच्यात भोवऱ्यासारखी फिरते आणि डिझेल तिथे फवारलं जातं. गार इंजिनात ही पोकळी उष्णता खाते, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग लागतो. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत जातं, तिथे हीटर प्लग नसतात.

मामांनी हेडच्या बाजूने बोट फिरवलं. चार हीटर, त्यांना जोडणारी पत्र्याची पट्टी. डीआय बाद.

उरले दोन पिजो. दोघं एकाच घराण्यातले, बाहेरून बघून फरक सांगणं मला जमलं नाही. मामांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही, पण त्यांचा कल मोठ्याकडे होता. "आवाज भरीव आहे," एवढंच कारण दिलं.

२ नोव्हेंबर

रात्री डोक्यात एक कल्पना आली होती. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, वेगळा आहे, एकाचा ८३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ९०. हीटर प्लग काढून त्या भोकातून सायकलचा आरा पिस्टनवर टेकवायचा, पुलीचा नट पान्याने फिरवायचा आणि आरा किती वर-खाली होतो ते मोजायचं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या भोकातून असं करता येतं, ते मी केलेलं आहे.

पहिल्या सिलिंडरचा हीटर काढला. आरा आत घातला, दोन-अडीच इंचांवर टक्कन थांबला. इंजिन पूर्ण फेरा फिरवलं तरी आरा जागचा हलला नाही. मग लक्षात आलं की काल मामांनी जी पोकळी सांगितली तिच्याच भिंतीला तो टेकतो आहे. हीटरचं भोक पोकळीत उघडतं, तिथून पिस्टनकडे जाणारी वाट अरुंद आणि तिरकी आहे. सरळ तार जाणारच नाही. प्यूजोमध्ये ही युक्ती चालत नाही, भावाने पुन्हा वेळ घालवू नये.

तेवढ्यात डिझेल पंपाची पट्टी साफ केली. मायकोचा पंप. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, म्हणजे पट्टी बहुधा त्याआधीची. नंबर 'व्हीई ४' ने सुरू होतो. व्हीई म्हणजे रोटरी पंप, एकच प्लंजर सगळ्या नोझलना पाळीपाळीने डिझेल वाटतो. ४ म्हणजे चार सिलिंडर, तिरक्या रेघेनंतरचा आकडा प्लंजरचा व्यास. मी पाहिलेल्या डीआय इंजिनांवर चार नळ्या एका ओळीत निघणारा लांबट पंप होता, त्यामुळे कालच्या निकालाला दुजोरा मिळाला. लहान की मोठं, हे मात्र पट्टीवरून ठरवायला माझं मन घेत नाही. पंप बोल्ट सोडले की निघतो. तीस वर्षांच्या गाडीत तो कधी कुठून आला असेल, कोण सांगणार?

८ नोव्हेंबर

माझी चूक इथे झाली, म्हणून तारखेसकट लिहितो. आरसीवर २११२, नंबर जुळलेला, गाडी १९९६ ची. मामांचं म्हणणं नुसत्या आवाजावरून. मी कागदावर विश्वास ठेवला आणि एक्सडीपी ४.९० चं हेड गॅस्केट फोनवरून मागवलं. मामांनी अडवलं होतं. "हेड उतरवू, मग मागवा. चार दिवसांनी काय बिघडतंय?" मला पुढचा शनिवार वाया घालवायचा नव्हता.

१५ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता सुरुवात. पाणी आणि ऑइल काढलं. ऑइलच्या आधी घाणेरडं पाणीच पेलाभर आलं. नोझलच्या नळ्या सोडवून तोंडांना कापडाच्या चिंध्या बांधल्या, कारण डिझेलच्या यंत्रणेत गेलेला एक धुळीचा कण नोझल खराब करतो. मॅनिफोल्ड, रॉकर कव्हर, रॉकर शाफ्ट, पुशरॉड. आठही पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवारीने खोचले. ते जिथले तिथेच परत गेले पाहिजेत, त्यांची टोकं आपापल्या जागी झिजून बसलेली असतात.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, गोल गोल, दोन फेऱ्यांत सैल केले. एकदम सोडले तर हेडला पीळ बसतो. हेड चिकटलं होतं. भावाने पार घालून उचकटायचं म्हटलं, मामांनी हात धरला आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडीचे हलके टोले दिले. तिसऱ्या टोल्याला 'चुक्' असा आवाज आला आणि हेड सुटलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली गॅस्केटची पट्टी जळून काळी होऊन तुटली होती. बुडबुड्यांचं कारण तेच. बाकीचं गॅस्केट सोलून तुकड्यातुकड्यांनी निघालं आणि मदतीला आलेल्या पोराने ते भंगाराच्या डब्यात टाकलं.

अंधार पडला. ब्लॉक स्वच्छ धोतराने झाकून ठेवला.

१६ नोव्हेंबर

नवीन गॅस्केट खोक्यातून काढलं. बसवून बघायचं नव्हतंच, नुसतं पहिल्या सिलिंडरवर धरायचं म्हणून धरलं.

गॅस्केटच्या गोलाला पत्र्याची चकचकीत कड असते. ही कड नेहमी सिलिंडरच्या तोंडाबाहेर बसते, थोडी जागा सोडून. इथे ती सगळीकडून आत आली होती. मी गॅस्केट डावीकडे सरकवलं तर उजवीकडून जास्त आत, उजवीकडे सरकवलं तर डावीकडून. खालून बोट घालून फिरवलं, तर बोटाला आधी सिलिंडरची भिंत, मग तिच्यावर छज्जासारखी पुढे आलेली पत्र्याची धार लागली. असंच आवळलं असतं तर तो पत्रा लाल होऊन तुटला असता आणि पिस्टनवर पडला असता.

मामांनी काही म्हटलं नाही. पिशवीतून व्हर्निअर काढून माझ्या हातात दिला.

सिलिंडरच्या अगदी वरच्या तोंडाशीच मोजून थांबायचं नाही. पिस्टनच्या रिंगा जिथवर जातात तिथवर भिंत झिजते आणि वर एक बारीक कड राहते, नखाला लागते. तोंडाशी मूळ माप मिळतं, खाली झिजेसकट. दोन्ही घेतली. तोंडाशी ९४, कडेच्या खाली ९४.१, तेही आडवं आणि उभं दोनदा. चारही सिलिंडर तसेच, चौथा किंचित जास्त झिजलेला.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९४. लहान पिजोचा बोअर ९०. ते त्याच्या नावातच आहे. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर. हे मला शाळेपासून पाठ होतं आणि तरी त्या नावाचा अर्थ मी कधी मोजपट्टी म्हणून वापरला नाही. बोअर करून पिस्टन बदलले तरी अर्धा-एक मिलिमीटर वाढतो, चार नाही.

खात्रीसाठी स्ट्रोकही मोजला. पहिला पिस्टन खालच्या टोकाला, व्हर्निअरची खोली मोजणारी काडी ब्लॉकच्या पातळीवरून पिस्टनच्या सपाट भागावर. मग इंजिन अर्धा फेरा फिरवून वरच्या टोकाला. दोन मापांतला फरक ९०. भावाने मोबाइलवर गणित केलं:

९४ × ९४ × ०.७८५४ × ९० × ४, म्हणजे २४,९८,००० घन मिलिमीटरच्या जवळपास. २४९८ सीसी.

तेच गणित ९० आणि ८३ ला केलं, २११२ आले. मग मला राहवेना म्हणून डीआयचंही केलं. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, म्हणजे इंचात साडेतीन आणि चार. २५२३ आले. दोन इंजिनं मिलिमीटरमध्ये विचार करणाऱ्यांनी काढलेली, तिसरं इंचांत विचार करणाऱ्यांनी.

भंगाराच्या डब्यातून जुन्या गॅस्केटचे तुकडे शोधून काढले. दोन तुकडे जोडून एक गोल पुरा झाला. तोही ९४ च्या इंजिनाचाच. हे काल डब्यात जाण्याआधी बघितलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. जुना भाग नवा बसेपर्यंत टाकायचा नाही, हे आजपासून या शेडमध्ये पक्कं.

आपलं इंजिन एक्सडी३पी आहे. आता प्रश्न उरतो नंबरचा. नंबर कार्डाशी जुळतो, घनक्षमता जुळत नाही. हे कसं?

२२ नोव्हेंबर

आईला विचारलं. ती म्हणाली, "इंजिन बदललंय की. तू होस्टेलला होतास." एवढ्या सहज म्हणाली की मी बघतच राहिलो. एक महिना हे घरात होतं आणि मी तिला विचारलं नव्हतं.

२००६ चा पावसाळा. आप्पा चिपळूणहून येत होते. कुंभार्ली घाटात पाण्याचा पाइप फुटला, धुक्यात काट्याकडे लक्ष गेलं नाही आणि इंजिन जाम झालं. रात्री दुधाच्या टेम्पोतून घरी आले. गाडी विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी अपघातात मोडलेल्या एका बोलेरोचं इंजिन आणून बसवलं, कारण माउंटिंगला फार फेरफार न करता तेच बसेल असं त्यांना मिस्त्रीने सांगितलं होतं.

माळ्यावरच्या ट्रंकेत जुनं आरसी पुस्तक निघालं, कागदाचं. मूळ इंजिन नंबर लाल शाईने खोडलेला, शेजारी नवा नंबर, सही, शिक्का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदवावा लागतो, तो आप्पांनी रीतसर नोंदवला होता. त्याच कागदांत त्यांच्या अर्जाची प्रत होती. नव्या इंजिनाचा तपशील त्यांनी स्वतः भरलेला, त्यांच्या त्या डावीकडे झुकणाऱ्या अक्षरांत. बनावट: महिंद्रा. इंधन: डिझेल. सिलिंडर: ४. घनक्षमता: २११२.

त्यांच्या लेखी पिजो ते पिजोच. २०११ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा नूतनीकरणात हाच आकडा कार्डावर गेला, आणि त्या कार्डावरून मी गॅस्केट मागवलं. नंबर जुळला म्हणजे हेच इंजिन नोंदवलेलं आहे, एवढंच सिद्ध होतं. ते कोणत्या जातीचं आहे याचं उत्तर नंबर जुळण्यात नव्हतं.

अर्ज मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या फाइलला लावला. त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

३० नोव्हेंबर

हेड लेथवाल्याकडून परत आलं. फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, कमीत कमी घेतलंय, कारण त्या पोकळ्यांची बैठक हेडच्या तळाशीच असते. पाण्याचं प्रेशर देऊन तडे तपासले, नाहीत. व्हॉल्व्ह बसवून घेतले.

गॅस्केट आता दुकानात स्वतः जाऊन घेतलं. 'बोलेरो, प्यूजो इंजिन' म्हटल्यावर लगेच मिळालं, पण खिशातून व्हर्निअर काढून काउंटरवरच मोजलं. बऱ्याच डिझेल इंजिनांना गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळतं, पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतो त्यावरून जाडी ठरते. मामांनी डायल लावून चारही पिस्टनचं माप आधीच लिहून दिलं होतं. चुकीचं आलेलं गॅस्केट दुकानदाराने परत घेतलं नाही, खोकं फोडलं होतं. ते भिंतीला खिळ्यावर टांगलं आहे.

७ डिसेंबर

हेड चढलं. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. टॅपेट लावले. हीटर प्लग चारही तपासले, एक मेलेला होता, बदलला. पंधरा सेकंद हीटर देऊन सेल्फ मारला, दुसऱ्या वेळेला पकडली. अर्धा तास चालू ठेवली. बुडबुडे नाहीत. काटा मधे.

भावाने बोनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहिलं: एक्सडी३पी, २४९८, बोअर ९४, स्ट्रोक ९०, बोलेरोचे भाग घेणे.

१४ डिसेंबर

पाटणमार्गे कोयनानगर, तिथून कुंभार्ली घाट उतरून परत चढलो. मामा शेजारी, आई मागे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा मधल्या रेघेच्या केसभर वर गेला आणि घाटमाथ्यावर आल्यावर खाली आला. आईने एका वळणावर हात करून सांगितलं, इथेच बंद पडली होती. तिथे थांबलो, रेडिएटरचा पाइप, क्लिपा हाताने चाचपल्या, पुढे निघालो.

परत आल्यावर पाण्याच्या पंपाखाली ओल दिसली. थेंब पडत नाही अजून.

२३ डिसेंबर

कार्डावरची घनक्षमता दुरुस्त करून घ्यायची आहे. नोंदणीची मुदत २०२६ मध्ये संपते, तेव्हा गाडी तपासणीला न्यावीच लागेल, म्हणून आत्ताच अर्ज दिला. सोबत जुन्या पुस्तकाची प्रत, आप्पांच्या अर्जाची प्रत, चासी नंबर आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात फरक पडणार नाही, कारण खाजगी गाड्यांचा वरचा गट १५०० सीसीच्या पुढे एकच आहे, आणि दोन्ही आकडे त्यातच येतात. पण कागद खरा असावा, पुढच्या माणसाने माझ्यासारखं त्यावरून सामान मागवू नये.

पेन्सिल प्रिंटसाठी पातळ कागद नंबरावर धरून शिसं आडवं फिरवलं. इंजिनाचा शेवटून दुसरा आकडा अर्धाच उमटला, तिथे अजून माती होती. काडीने साफ करून दुसरी प्रिंट घेतली.

गाडी दाखवायची तारीख जानेवारीत मिळाली आहे. त्याआधी पाण्याच्या पंपाचं सील.